१४ जणांच्या मुक्कामासाठी तंबू कोणते घ्यावेत? (रामटेक-खिंडसी परिसर, डिसेंबरअखेर)

धंतोली_१४

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खिंडसी तलावाच्या अलीकडे ओळखीच्यांच्या शेतावर दोन रात्री मुक्कामाचा बेत आहे. चार कुटुंबं मिळून १४ जण: आठ मोठे, प्रत्येक घरचं एकेक मूल (५ ते ११ वर्षं) आणि सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. तीन गाड्या आहेत, त्यामुळे वजनाची चिंता नाही. शेतावर विहीर, मोटारीची खोली आणि संडास आहे. अर्धी जमीन धानाची, कापणी झालेली. बांधाच्या वरची बाजू मुरमाड.

डोक्यात असं आहे की ८ माणसांचे दोन मोठे तंबू घ्यावेत, एकात बायका-मुलं, एकात पुरुष. पुढेही वर्षातून एक-दोनदा वापर होईल. दोन मोठे बरे की चार-पाच लहान? आणि त्यावर २०००, ३००० असे आकडे लिहिलेले असतात ते काय प्रकरण आहे? विकत घ्यावेत की भाड्याने?

सातपुडा_वाटाड्या

आधी माणसांचा हिशोब करू. तंबूवर '४ माणसं' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ चार अंथरुणं खेटून घातली तर मावतात, एवढाच. माणशी ५५ ते ६० सेंमी रुंदी धरलेली असते. घरातली सिंगल गादी ९० सेंमीची असते, त्यावरून अंदाज करा. चारच्या तंबूचा तळ साधारण २४० × २१० सेंमी. त्यात चार मोठी माणसं झोपली की कूस बदलायला शेजाऱ्याची परवानगी लागते, आणि बॅगा बाहेर. म्हणून लिहिलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. हिवाळ्यात जाड पांघरुणं असतात, तेव्हा तर करायचाच. लहान मूल आकाराने अर्धं असलं तरी झोपेत आडवं होतं, त्यामुळे ते पूर्ण माणूस धरा.

लांबीही बघा. घुमटाकार तंबूची भिंत तळापासूनच आत झुकते. सहा फुटी माणूस म्हणजे १८३ सेंमी. २१० सेंमीच्या तंबूत उशीसकट झोपला की डोकं नाहीतर पाय कापडाला टेकतात, आणि डिसेंबरच्या पहाटे ते कापड ओलं असतं. घरात कोणी उंच असेल तर २२० च्या वरचा तळ शोधा.

तुमच्या मंडळींत प्रत्येक कुटुंब तिघांचं आहे. चारचा तंबू एका कुटुंबाला नेमका बसतो. असे चार आणि आजी-आजोबांचा वेगळा एक. पाच तंबू.

धंतोली_१४

पाच तंबू उभे करायचे म्हणजे अर्धा दिवस त्यातच जाणार नाही का? दोन मोठे लावले की मोकळे, असं वाटत होतं.

सातपुडा_वाटाड्या

उलट आहे. चारचा घुमट दोन माणसं उभा करतात. एकदा घरी सराव झालेला असला तर पंधरा मिनिटं. तुमच्याकडे चार जोडपी आहेत, चारही तंबू एकाच वेळी उभे राहतील. आठचा तंबू चार जणांना धरावा लागतो, कोण कुठली काठी ढकलतोय ते ओरडून सांगावं लागतं, आणि संध्याकाळचा वारा सुटला असेल तर कापड शिडासारखं फुगतं.

जागेचंही बघा. आठ माणसं म्हणजे ८ × ६०, जवळपास पाच मीटर लांबी, वर दोन्ही बाजूंच्या ताणदोऱ्या. दगड-खड्डा नसलेला एवढा सलग तुकडा मुरमाड बाजूला मिळणं कठीण. लहान तंबू झाड, दगड, उतार टाळून कुठेही बसतात. एक काठी मोडली तर एका कुटुंबाची गैरसोय होते. मोठ्याची मोडली तर आठ जण उघड्यावर.

आणखी एक. 'वजनाची चिंता नाही' म्हणालात, पण तीन गाड्यांत १४ माणसं बसल्यावर डिक्कीत जागा किती उरते? मोठ्या तंबूची गुंडाळी आडवी डिक्कीत बसत नाही अशीही वेळ येते. गुंडाळीची लांबी पाकिटावर लिहिलेली असते, ती डिक्कीशी ताडून बघा. लहान पाच गुंडाळ्या सीटखालीही सरकतात.

तर्री_जास्त

भाऊ, आठ जणाच्या तंबूत एक जण घोरून राहिला त सारे जागे. अन् पोराला रात्री दोनदा शू लागते, दोनदा चेन वाजते. पाचच घ्या.

मुरूम_आणि_मेख

पाचही शक्यतो एकाच मॉडेलचे घ्या; आजी-आजोबांचा वेगळा झाला तरी बाकीचे चार तरी सारखे असू द्या. काठ्या, मेखा, दोऱ्या एकमेकांना चालतात आणि एकच सुटी काठी चौघांना पुरते. फक्त गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या पिशवीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा, आणि काठ्यांच्या टोकांनाही तोच रंग.

बिछायतवाले

सगळे डोम डोम करताय. बिछायत केंद्रातून (मांडव-सतरंज्या भाड्याने देतात तिथून) दोन छोलदाऱ्या, म्हणजे जुन्या पद्धतीचे कापडी तंबू, आणा ना. जाड सुती कापड, आत ताठ उभं राहता येतं, श्वास कोंडत नाही, आत दव गळत नाही. वनखात्याच्या कॅम्पपासून स्काउटच्या मेळाव्यापर्यंत वर्षानुवर्षं तेच वापरलं गेलं. लावायला त्यांची माणसंही येतात.

सातपुडा_वाटाड्या

छोलदारीचे गुण बरोबर सांगितलेत. सुती कापड ओलावा बाहेर जाऊ देतं. उन्हात दुपारी आत बसायचं असेल तर ती डोमपेक्षा कितीतरी सुसह्य. पण खाली तळ नसतो. सतरंजी अंथरली तरी कडेने चार बोटं फट राहते. धानाच्या शेतात कापणीनंतर उंदीर असतात आणि उंदरांच्या मागे साप येतात. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा चावा झोपेत अनेकदा कळतही नाही. थंडीत साप कमी फिरतात हे खरं, पण विंचू आणि मुंगळे आहेतच. लहान मुलं जमिनीवर झोपणार असतील तर तळ भिंतीला शिवलेला हवा, कडेने निदान १० सेंमी वर वळवलेला, आणि दाराची चेन तळापर्यंत पूर्ण बंद होणारी. यावर तडजोड नको.

छोलदारी आणायचीच तर एक आणा: दिवसा बसायला, जेवायला, सामान ठेवायला. झोपायला नको.

बिछायतवाले

तळाचा मुद्दा मान्य. खाटा टाकल्या तर चालेल असं माझं म्हणणं होतं, पण १४ खाटा कोण नेणार.

कोटिंग_काका

आता त्या आकड्यांबद्दल. कापडाच्या तुकड्यावर उभ्या नळीत पाणी भरत जातात. खालून थेंब दिसायला लागले तेव्हा पाण्याची उंची जितके मिलिमीटर, तो आकडा. २००० म्हणजे दोन मीटर पाण्याचा दाब सोसला. वरच्या आवरणाला, म्हणजे फ्लायला, १५०० ते २००० पुरतं. विदर्भातला अवकाळी पाऊसही त्यात निभतो. तळाला जास्त हवं, ३००० च्या वर, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की सगळं वजन तेवढ्याशा जागेवर येतं आणि पाणी दाबाने आत शिरतं. फ्लायवर ५००० आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका.

पाणी आत येतं ते बहुतेकदा कापडातून नव्हे, शिलाईतून. सुईची हजारो भोकं असतात. फ्लाय उलटी करून बघा: प्रत्येक शिलाईवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. नसेल, किंवा कोपऱ्यात सुटलेली असेल, तर सीम सीलर नावाचं द्रव ब्रशने लावून रात्रभर वाळवावं लागतं. पॉलिएस्टरवर आतून पॉलियुरेथेनचा लेप असेल तर त्याच्यासाठीचं सीलर घ्या. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडावर ते धरत नाही, त्याला सिलिकॉनचंच लागतं.

भाड्याचा किंवा जुना तंबू घेताना हात आतून फिरवा आणि वास घ्या. चिकट लागलं, आंबूस वास आला, पांढरे पापुद्रे सुटत असले तर लेप कुजला आहे. तो धुऊन परत येत नाही. ओला गुंडाळून ठेवला की असं होतं, आणि टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर एक नागपुरी उन्हाळा काढला तरी होतं.

गच्ची_चाचणी

यात एक भर. निघायच्या निदान आठवडाभर आधी पाचही तंबू गच्चीवर नाहीतर सोसायटीच्या पटांगणात पूर्ण उभे करा. मेखा ठोकता येत नाहीत तर कोपऱ्यांना विटा बांधा. मग झाडांना पाणी घालायच्या पाइपने वरून पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडा. एक जण आत टॉर्च घेऊन बसेल आणि कुठली शिलाई पाझरते त्यावर खडूने खूण करेल. पाइपची धार खालून वर मारू नका. पाऊस तसा पडत नाही, चांगला तंबूही गळेल आणि उगाच नाराज व्हाल.

धंतोली_१४

हे भारी. काठ्या फायबरग्लासच्या घ्याव्यात की अॅल्युमिनियमच्या? दुकानात दोन्ही दाखवले, किमतीत बराच फरक.

मुरूम_आणि_मेख

गाडीने जाताय, झाडांचा आडोसा आहे, वर्षातून दोनदाच वापर आहे. फायबरग्लास चालेल, फक्त चारच्या तंबूला ८.५ मिमीपेक्षा बारीक नको. अॅल्युमिनियम हलकं असतं आणि जास्त ताण आला तर वाकतं. फायबरग्लास वाकत वाकत जातं आणि एकदम उभं चिरतं. तेव्हा त्याच्या कुसळांना उघडा हात लावू नका, कातडीत घुसतात. चिरलेल्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळायची.

फायबरग्लास मोडतं त्याचं कारण बहुतेक वेळा वारा नसतो, घाई असते. तुकडे जोडताना एक सांधा पूर्ण बसलेला नसतो, कडेवर एक सेंमी अडकलेला असतो. काठी कमानीत वाकवली की सगळा ताण त्या धातूच्या नळीच्या ओठावर येतो आणि नळी फाटते. म्हणून जोडून झाल्यावर प्रत्येक सांध्यावरून हात फिरवा. काठी कापडाच्या बोगद्यात ढकलायची, पलीकडून ओढायची नाही. ओढली की आतली लवचिक दोरी ताणते, सांधे सुटतात आणि काठी मध्येच अडकते. घडी घालताना मधल्या सांध्यापासून सुरू करा, म्हणजे दोरीवर दोन्हीकडे सारखा ताण राहतो.

काठीपेक्षा थोडी जाड, १२-१५ सेंमीची एक नळी जवळ ठेवा. मोडलेल्या जागेवर सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली की दोन रात्री सहज निघतात.

आता मेखा. तंबूसोबत येतात त्या बारीक तारेच्या, हरळीत ठोकायला बऱ्या. मुरमात पहिल्या तीन घावांत त्यांचा आकडा होतो. इतवारीतल्या लोहा ओळीत जा, ८ मिमीची गुळगुळीत गोल सळई घ्या, २५ सेंमीचे तुकडे करून एक टोक अणकुचीदार आणि दुसरं आकड्यासारखं वाकवून घ्या. बांधकामाची पीळदार सळई घेऊ नका: एकदा गेली की निघत नाही, आणि तिच्या कडांनी दोरी घासते. चारच्या तंबूला दहा-चौदा लागतात. पाच तंबूंना साठ धरा, वर दहा जादा. एक किलोचा हातोडा बास.

मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूला थोडी कललेली ठोका, म्हणजे दोरी आणि मेख यांच्यात साधारण काटकोन होईल. दोन इंच गेल्यावर 'टण' असा आवाज आला तर खाली दगड आहे. बळजबरी करू नका, चार बोटं सरका. डोकं जमिनीला टेकेपर्यंत ठोका, नाहीतर मुलं ठेचकाळतात. काढताना दुसरी मेख आकड्यात अडकवून आधी गोल फिरवा, मग वर ओढा.

गोधडी

ताणदोऱ्यांना जुन्या पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा, प्रत्येकीला दोन. अंधारात १४ माणसं आणि पाच तंबूंच्या तीसेक दोऱ्या, कोणीतरी पडणारच.

बांधावरून

जागेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून सांगते. धानाची बांधी सपाट दिसते म्हणून मोह होतो, पण ती मुद्दाम पाणी साठावं म्हणूनच बांधलेली असते. चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध. रात्री अवकाळीची एक सर आली तर तंबूंचं तळं होईल. पाऊस नाही आला तरी त्या मातीत ओल असते, ती रात्रभर वर येते. आणि धानाची धसकटं तळाला भोकं पाडतात. मुरमाड बाजूच घ्या, मेखांचा त्रास परवडला. तिथेही खोलगट भाग टाळा. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खड्ड्यात साचते. तलावाच्या काठापेक्षा दहा-पंधरा फूट उंचावर थंडी आणि दव दोन्ही कमी लागतात.

झाडाखाली लावायचे तर आधी मान वर करून वाळक्या फांद्या बघा. मोहाच्या, बाभळीच्या वाळक्या फांद्या वारा नसतानाही पडतात. सावली सकाळची हवी असेल तर झाड तंबूच्या पूर्वेला येईल असं बघा. पण मला विचाराल तर डिसेंबरात सकाळचं ऊन थेट तंबूवर आलेलं बरं, दव लवकर सुकतं.

सगळ्यात महत्त्वाचं: शेतमालकाला आणि शेजारच्या शेतवाल्यांनाही विचारा की कुंपणात झटका मशीन आहे का, आणि रानडुकरांसाठी कोणी थेट लाइनचा करंट तर सोडत नाही ना. ताणदोरी तारेच्या कुंपणाला कधीच बांधायची नाही. कुंपणापासून वीसेक पावलं दूर राहा, आणि रात्री संडासाची वाट कुठून हे मुलांना दिवसाउजेडी दाखवून ठेवा. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय तंबू लावता येत नाही, तेव्हा शेताची हद्द कुठे संपते तेही विचारून घ्या.

तर्री_जास्त

तंबूभोवती चर खोदाचा का नाही?

बांधावरून

तळ नसलेल्या छोलदारीला चर लागतो. शिवलेल्या तळाच्या तंबूला जागा नीट निवडली की लागत नाही. दुसऱ्याच्या शेतात खोदाखोद तशीही बरी नाही.

धंतोली_१४

तंबूखाली ताडपत्री घालायची ना? निळी घेऊन ठेवली आहे, १२ × १५ फुटांची.

कोटिंग_काका

घालायची, पण ती तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं लहान हवी. बाहेर डोकावली तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी, अगदी दवाचंसुद्धा, तिच्यावर पडतं आणि तळाखाली जाऊन साचतं. मग तंबू खालून गळतो आणि लोक कंपनीला शिव्या देतात. एकतर कापा, नाहीतर जादा भाग खालच्या बाजूला दुमडा. वरच्या बाजूला दुमडली तर पाणी धरून ठेवायला आयती वाटी तयार होते. तुमच्याकडे आहे ती न कापता जेवणाच्या जागेवर छत म्हणून वापरा: मधे आठ फुटी बांबू, एक कड बरीच खाली, म्हणजे दव आणि पाणी एकाच बाजूने उतरेल.

दवबिंदू

बहुतेक लोक पहिल्या सकाळी म्हणतात, 'तंबू गळला'. पाऊस नसतो, तरी आतून थेंब. ते तुमच्याच अंगचं पाणी असतं. झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी सोडतो. तिघांचं पाऊण लिटर. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, तलाव जवळ; अशा रात्री फ्लाय बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होते आणि ते पाणी तिच्या आतल्या बाजूवर जमतं.

म्हणून एकपदरी तंबू घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. आतला पदर जाळीचा किंवा हवा खेळणाऱ्या कापडाचा, बाहेर वेगळी फ्लाय, दोहोंत निदान तळहाताएवढं अंतर. थेंब फ्लायवर जमतात आणि आतल्या पदराच्या बाहेरून ओघळतात. फ्लाय नीट ताणली नाही आणि दोन पदर चिकटले की मात्र ओल आत येते, म्हणून झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा एकदा ताणून घ्या.

थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद करणं ही हमखास चूक. समोरासमोरच्या दोन झडपा वर चार बोटं उघड्या ठेवा. अंगावर एक पांघरूण जास्त घ्या, पण हवा बंद करू नका. ओले टॉवेल, मोजे आत वाळत घालू नका. आणि शेगडी, निखाऱ्याचं घमेलं, गॅस यातलं काहीही तंबूत न्यायचं नाही, विझत आलेलं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गोधडी

थंडी कमी समजू नका. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूर शहरातच पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता; उघड्या शेतात शहरापेक्षा गारठा जास्तच. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. दोन ब्लँकेटं पांघरून काही उपयोग नाही, जर खाली एकच सतरंजी असेल; अंगाच्या वजनाने ती दबते आणि जमीन ऊब ओढून घेते. तंबूपेक्षा अंथरुणावर खर्च करा असंच मी म्हणेन. ८-१० मिमीची फोमची शीट, तिच्यावर गोधडी. फुगवायची गादी हिवाळ्यात फसवते: आतली हवा फिरत राहते आणि पाठ रात्रभर गार.

रामटेककडे डिसेंबरात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मुबलक. शेतमालकाला विचारून ताडपत्रीखाली तीन-चार इंच जाड कोरडं तणस पसरा. त्याच्यासारखी ऊब विकतच्या शीटला नाही. पसरताना काठीने झाडून घ्या, ढिगात विंचू-उंदीर असतात. हात घालून उचलू नका.

सातपुडा_वाटाड्या

तणस घातलंत तर शेकोटी निदान वीस-पंचवीस फूट लांब, आणि तंबूंवरून वारा शेकोटीकडे जाईल अशी. पॉलिएस्टर एका ठिणगीने वितळून भोक पडतं. खाली तणस असेल तर भोकावर भागत नाही. दोन बादल्या पाणी रात्रभर भरून ठेवा.

धंतोली_१४

चार तंबूंचं ठरलं. आजी-आजोबांचं काय? वाकून आत-बाहेर करणं त्यांना जड जाईल. मोटारीच्या खोलीत झोपवावं का?

मुरूम_आणि_मेख

मोटारीची खोली नको. उंदीर, ऑइल, रात्री लाइट आली की मोटार सुरू.

त्यांच्यासाठी एकच मोठा तंबू भाड्याने घ्या, बोगद्याच्या आकाराचा, आत १८० सेंमीच्या वर उंची, दारापुढे ओसरीसारखी झाकलेली जागा. ओसरीत खुर्ची, चपला, काठी, पाण्याचा तांब्या राहतो. या आकाराचा तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा राहत नाही, पुढची आणि मागची मेख हेच त्याचे पाय. तिथे १० मिमीच्या सळईच्या मेखा वापरा आणि अरुंद पाठ वाऱ्याकडे ठेवा. आडवा लावला तर एका झुळकीत चेपतो.

आत घडीच्या खाटा द्या. जमिनीवरून उठण्यापेक्षा गुडघ्यांना बरं. खाटेच्या पायांखाली जुन्या टायरट्यूबचे दुपदरी तुकडे घाला, नाहीतर तळ फाटतो. खाटेच्या कापडावर गोधडी हवीच, खालून गार हवा वाहते. त्यांचा तंबू संडासाच्या सर्वांत जवळ, आणि वाटेत एकही ताणदोरी नको.

कोटिंग_काका

भाड्याचा तंबू दुकानातच पूर्ण उघडून घ्या. 'कालच परत आलाय, एकदम ओके' यावर जाऊ नका. प्रत्येक चेन तीनदा इकडून तिकडे चालवा. मध्येच दात सुटत असतील तर सरकपट्टी झिजली आहे. नुसती जड चालत असेल तर मेणबत्ती घासली की भागतं. काठ्यांचे तुकडे मोजा, दोऱ्या मोजा, जाळीला भोकं बघा. आणि आधीपासून फाटलेलं असेल त्याचा मोबाइलवर फोटो काढून दुकानदाराला तिथेच पाठवा, परत देताना अनामतीवरून वाद नको.

तर्री_जास्त

खायचं तंबूत ठेवू नका. चिवड्याच्या वासानं उंदीर कापड कुरतडते. दिवसा माकडं आली त चेन उघडत नाही बसत, सरळ फाडते. डबे गाडीत.

दवबिंदू

आभाळात गडगडलं तर तंबूत थांबायचं नाही, सगळ्यांनी गाड्यांत बसायचं, काचा वर करून. तंबू विजेपासून वाचवत नाही. गारपिटीतही तेच, फ्लाय फाटली तर फाटू द्या. म्हणून गाड्या तंबूंच्या जवळ आणि तोंड रस्त्याकडे करून लावा.

धंतोली_१४

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: चारचे चार दुपदरी घुमट विकत, एक बोगदा भाड्याने, मेखा लोहा ओळीतून, रविवारी गच्चीवर चाचणी. शेवटची शंका. परतायच्या सकाळी मुलांची शाळा म्हणून आठलाच निघायचं आहे. तेव्हा फ्लाय दवाने ओलीच असणार. तशीच भरली तर?

कोटिंग_काका

भरा, पण फ्लाय वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरड्या आतल्या पदराबरोबर नको. आधी दोघांनी धरून चादरीसारखी झटका आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या, निम्मं पाणी तिथेच जातं. घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी गच्चीवर दोरीवर टाका, सावलीत. हिवाळ्याचं तासभर ऊन चालेल, पण दोन दिवस विसरू नका. तळाची खालची बाजू आणि कोपऱ्यांच्या दुमडी शेवटी सुकतात, बुरशी तिथूनच धरते. डिटर्जंट, वॉशिंग मशीन नको. माती ओल्या स्पंजने पुसा. नंतर घट्ट गुंडाळीत न ठेवता मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा, माळ्यावर नाही, कपाटात.

मुरूम_आणि_मेख

आणि प्रत्येक पिशवीत चिठ्ठी ठेवा: मेखा १४, दोऱ्या ६, काठ्या २. निघताना मोजूनच भरा. मुरमात राहिलेली सळईची मेख दिसत नाही. पुढच्या नांगरटीला ती शेतमालकाच्या ट्रॅक्टरच्या टायरला सापडते.